बारा कुणी मोजले होते?

आमच्या घरात आठ वर्षं एका आकड्याला कुणी हात लावला नव्हता. बारा. ‘आपली पिकअप बाराचं अॅव्हरेज देते.’ माझ्या धाकट्या भावाने ही गाडी २०१६ मध्ये अर्नाळ्याच्या एका मासळीवाल्याकडून जुनी घेतली. मासळीवाला म्हणाला बारा, भाऊ म्हणाला बारा, पाहुण्यांसमोर आईसुद्धा बाराच म्हणायची. गाडी २००९ ची, नंबर एमएच ०४ चा, म्हणजे वसईला स्वतःचा एमएच ४८ मिळण्याआधीचा, ठाण्याचा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे निघालं त्यात कंपनीचा दोष नव्हता. दोष वयाचा होता, मिठाचा होता आणि बराचसा आमचा होता.

२०२४ च्या पावसाळ्यात बाराचे साडेआठ झाले. निदान भाऊ तसं म्हणू लागला. रात्री दीड-दोनला निघायचं, निर्मळ, गास, भुईगावच्या वाड्यांतली फुलं दादरला पोचवायची आणि उजाडल्यावर परत यायचं, हा त्याचा धंदा. जाऊन-येऊन एकशेवीस किलोमीटर. बाराने दहा लिटर लागतात, साडेआठने चौदा. डिझेल तेव्हा नव्वदच्या घरात होतं. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर नऊ हजार रुपये धूर होऊन चालले होते. फुलांच्या भाड्यात नऊ हजार म्हणजे गाडी ठेवायची की विकायची इथपर्यंत गोष्ट येते.

मी शाळेत गणित शिकवायचे, आता निवृत्त आहे. गाडी चालवता येत नाही. पण आकडा दिसला की तो आला कुठून हे विचारायची खोड जात नाही. “साडेआठ कशावरून म्हणतोस?” मी विचारलं.

“काट्यावरून, ताई. आधी परत येईस्तोवर पाव टाकी उरायची. आता वसई फाट्यालाच लाल दिवा लागतो.”

म्हणजे बारा ऐकीव आणि साडेआठ अंदाजाचे. न मोजलेल्या दोन आकड्यांची वजाबाकी करून आम्ही कपाळाला हात लावून बसलो होतो.

वसईचा माल मुंबईला जाणं ही काही आजची गोष्ट नाही. विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली ती १२ एप्रिल १८६७ रोजी, आणि पुढे आमच्या वाड्यांची भाजी, केळी, पानं, फुलं पहाटेच्या गाडीच्या मालडब्यातूनच गेली. टोपल्या डोक्यावर घेऊन स्टेशन गाठणाऱ्या बायका माझ्या लहानपणी घरोघरी होत्या. फुलांचं गणित मात्र वेगळं. सोनचाफा आणि जास्वंदीच्या कळ्या दुपारपर्यंत थांबत नाहीत. दादरची फुलमंडई जागी होते तेव्हा माल तिथे हवा. म्हणून लोकलच्या जागी टेम्पो आले, टेम्पोच्या जागी पिकअप. पाचसहा वाडीवाल्यांनी मिळून एका गाडीवाल्याला माल द्यायचा, अशी पद्धत पडली. आज आमच्या पट्ट्यातल्या या गाड्यांत नव्या कमी, दहा-पंधरा वर्षांच्या जास्त. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस काढावा लागतो. गाडीवाले तो काढतात, टायर बदलतात, रंगाचा हात मारतात. अॅव्हरेज मात्र फिटनेसच्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं.

गाडी डिझेल खाते म्हटल्यावर सल्ल्यांना तोटा नसतो. नालासोपाऱ्याच्या नाक्यावर नुसतं बोनेट उघडून उभं राहा, पाच मिनिटांत पाच निदानं मिळतात. पंप गेला. नोझल गेले. रिंग-पिस्टन गेले, इंजिनचं काम निघालं. डिझेलमध्ये भेसळ आहे. अमुक बाटली टाका, दोन किलोमीटर वाढतील. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती: दोष इंजिनातच असणार, हे प्रत्येकाने धरूनच टाकलेलं. डिझेल इंजिनात जळतं, तेव्हा जास्त जळालं तर इंजिनच बिघडलं असणार. ऐकायला बिनतोड वाटतं. भावालाही वाटलं आणि त्याने चौदा हजार रुपये पंपाच्या कामाला घातले.

त्या पंपवाल्याकडे मीही गेले होते. बघण्यासारखी जागा असते ती. जुन्या डिझेल गाड्यांच्या पंपाला आपल्याकडे फिटर अजून ‘मायको पंप’ म्हणतात. मायको ही बंगळुरात १९५१ मध्ये सुरू झालेली कंपनी; २००८ मध्ये तिचं नाव बॉश झालं, पण गॅरेजात नाव बदलायला कंपनीचा ठराव पुरत नाही. काचेआडच्या टेबलावर पंप फिरत होता आणि खाली ओळीने लावलेल्या काचेच्या नळ्यांत डिझेल भरत होतं. चारही नळ्यांत पातळी सारखी आली पाहिजे. मग नोझल. ते हातपंपाच्या यंत्राला लावून दांडा दाबतात. दाब दोनशे बारच्या वर गेला की नोझल उघडतं. चांगलं नोझल उघडताना चर्र चर्र असं करकरतं आणि डिझेलचं धुकं सोडतं, अत्तराच्या फवाऱ्यासारखं. खराब नोझल आवाज करत नाही. धार सोडतं किंवा टोकाशी थेंब धरतं. तो थेंब नीट जळत नाही, काळा धूर होऊन बाहेर पडतो.

आमच्या चारपैकी एक नोझल थेंब धरत होतं. ते बदललं, पंप कॅलिब्रेट झाला, गाडी उचल घ्यायला जरा बरी झाली. लाल दिवा मात्र पुन्हा वसई फाट्यालाच लागला.

तेव्हा मी दहा रुपयांची वही आणली.

टाकी ते टाकी मोजायचं, एवढंच. पण ‘एवढंच’मध्ये बऱ्याच खोड्या आहेत. डिझेलला फेस येतो. गन पूर्ण दाबून भरलं की फेसानेच गन आपोआप बंद होते आणि टाकी भरली असं वाटतं, प्रत्यक्षात दीड-दोन लिटर कमी असतं. पंपाच्या आवाराला उतार असतो. गाडी उलट्या तोंडाने लावली तर टाकीत बसणारं डिझेल बदलतं. म्हणून तोच पंप, तेच यंत्र, गाडीचं तोंड त्याच बाजूला, गन हळू आणि पहिल्यांदा बंद झाली की थांबायचं. “राऊंड फिगर करू का?” म्हणून पोरगं वर थोडं ओततं, ते करू द्यायचं नाही. आणि एका फेरीवर विश्वास ठेवायचा नाही. निदान तीन टाक्या.

पंपावरच्या मापाबद्दलही शंका होतीच. ती गाडीवाल्यांच्या रक्तात असते, आणि उगाच नसते. २०१७ मध्ये ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने राज्यातल्या अनेक पंपांवर छापे घातले होते, यंत्रांत फेरफार करून कमी इंधन दिलं जात होतं म्हणून. पण शंकेवर उपाय आहे, आणि तो फुकट आहे. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवावं लागतं. ग्राहकाने मागितलं तर त्यात ओतून दाखवावं लागतं. पाच लिटरला पंचवीस मिलिलिटर इकडेतिकडे चालतं, त्याहून जास्त नाही. भाऊ लाजत होता, मी मागितलं. मॅनेजरने कपाळावर आठी न आणता माप काढलं, ओतलं. बरोबर होतं. एक संशयित वहीतून कटला.

दुसरा संशयित होता किलोमीटरचा आकडा. अॅव्हरेज म्हणजे भागाकार. खालचा लिटरचा आकडा सगळे तपासतात, वरचा कुणी तपासत नाही. जुन्या गाडीचे टायर एकदोनदा बदललेले असतात, दुकानात त्या दिवशी असेल ते माप बसवलेलं असतं. टायर जरासा मोठा असला की चाक कमी फेरे घेतं आणि मीटर कमी किलोमीटर दाखवतो. मोबाइलच्या नकाशावर शंभर किलोमीटर भरले तेव्हा आमच्या मीटरवर सत्त्याण्णव होते. म्हणजे तीन टक्के नुकसान नुसतं कागदावरचं. पहिल्या तीन टाक्यांची सरासरी मीटरवर खरोखरच ८.५ निघाली, भावाचा काटा अगदीच खोटं बोलत नव्हता. पण खरं अॅव्हरेज ८.८ होतं. खिशात काही आलं नाही, तरी मला बरं वाटलं. निदान आता आकडा आमचा होता.

वही घेऊन आम्ही सातिवलीतल्या एका वयस्क फिटरकडे गेलो. वालीव, सातिवली, गोखिवरे हा सगळा कारखान्यांचा पट्टा. तिथल्या मालगाड्यांवर या माणसाची चाळीस वर्षं गेलेली. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हटलं. मामांनी बोनेट उघडलंच नाही. भावाला म्हणाले, “महामार्गावर दहा किलोमीटर मारून ये. येताना ब्रेक कमी दाब. आलास की गाडीला हात लावायचा नाही कुणी.”

भाऊ आला. मामा वाकले आणि चारही चाकांपाशी उलटा हात नेऊन आले. देवळात आरतीवर हात फिरवतात तसा. मागच्या डाव्या चाकाशी हात थबकला. “या ताई, तुम्ही बघा.” बाकी तीन चाकं कोमट होती. या ड्रममधून चुलीसारखी धग येत होती. मग त्यांनी गाडी सपाट फरशीवर न्यूट्रलला घेतली आणि आम्हा तिघांना ढकलायला लावली. हलेना. जॅक लावून चाक उचललं आणि हाताने फिरवलं: उजवं तीन फेरे घेऊन थांबलं, डावं पाव फेऱ्यात.

ड्रम निघायला अर्धा तास आणि बऱ्याच शिव्या लागल्या. आत हँडब्रेकची केबल आपल्या नळीत गंजून चिकटलेली. ओढली की जायची, सोडली की परत यायची नाही. व्हील सिलिंडरचा एक पिस्टनही गंजाने अर्धा अडकलेला. म्हणजे गाडी गेले कित्येक महिने एक ब्रेक अर्धवट लावून दादरला जात होती.

हे भावाला कळलं कसं नाही, असं मला वाटलं होतं. पण कळणार कसं? ब्रेक हळूहळू धरत गेला, तसा पाय हळूहळू जास्त दाबत गेला. रोजचा बदल इतका लहान की शरीर त्याला बदल मानत नाही. आणि भुर्दंड दिसतो त्यापेक्षा मोठा असतो. डिझेलमधल्या ताकदीपैकी साधारण तिसरा हिस्साच चाकापर्यंत पोचतो. उरलेली रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन जाते. ब्रेक खातो तो या पोचलेल्या तिसऱ्या हिश्शातला. ड्रममध्ये एक रुपयाची धग दिसली तर टाकीतून तीन रुपये गेलेत असं समजायचं.

गंज आला कुठून हे विचारायची गरज नव्हती. पावसाळ्यात अजूनही आमच्या गाडीला मासळीचा वास येतो. अर्नाळ्याच्या, नायगावच्या, पाचूबंदरच्या मासळीच्या गाड्या बघा. बर्फात रचलेले मासे, बर्फ वितळतो आणि खारं पाणी हौद्याच्या फटींतून थेट मागच्या आसावर, ब्रेकच्या पाइपवर, केबलवर ठिबकत राहतं. वर समुद्राचा वारा. मासळीवाला रोज हौदा धुतो, अगदी घासून धुतो, पण खालून कोण धुतं? आमच्या आधीच्या मालकाने कित्येक वर्षं हे पाणी तिच्या हाडात मुरवलं आणि आठ वर्षं आम्ही वर चाफ्याच्या करंड्या ठेवत राहिलो. दोष त्याचा नाही. जुनी गाडी घेताना आम्ही इंजिनचा आवाज ऐकला, सीट दाबून पाहिली. खाली वाकून कुणी बघितलं नाही.

केबल, दोन व्हील सिलिंडर, लायनर, मजुरी मिळून अडतीसशे रुपये. पुढच्या तीन टाक्यांची सरासरी ९.८.

माझ्या दृष्टीने लेख इथे संपायला हरकत नव्हती. पण मामांनी दुसऱ्या खेपेला इंजिनच्या तापमानाच्या काट्याकडे बोट दाखवलं. “हा कधी मध्यावर जातो?” भाऊ अभिमानाने म्हणाला, “कधीच नाही. थंड इंजिन आहे आपलं.” मामांनी कपाळावर हात मारला.

इंजिन आणि रेडिएटर यांच्या मध्ये थर्मोस्टॅट नावाचा मुठीत मावेल एवढा व्हॉल्व्ह असतो. इंजिन गार असताना तो बंद राहतो, पाणी आतल्या आत फिरतं आणि इंजिन लवकर तापतं. ऐंशी-ब्याऐंशी अंशांना उघडतो आणि मग पाणी रेडिएटरकडे जातं. आपल्याकडे जुनी गाडी एकदा तापली की पुष्कळ फिटर पहिलं काम काय करतात, तर हा व्हॉल्व्ह काढून फेकतात. ‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? काय करायचाय तो?’ गाडी तापायची थांबते, मालक खूश. पण मग इंजिन कायमच अर्धवट गार राहतं. गार इंजिनात ऑइल घट्ट राहतं, डिझेल नीट जळत नाही, भिंतींना उष्णता जास्त जाते आणि तेवढंच काम करायला जास्त डिझेल लागतं. आमच्या गाडीत व्हॉल्व्हची जागा रिकामी निघाली. तो कुणी, कधी काढला याला साक्षीदार नाही.

नवा व्हॉल्व्ह आणला तेव्हा मामांनी बजावलं होतं की बसवण्याआधी तपासून घ्या. तपासायचा कसा, तर पाण्यात उकळून. मी तो घरी आणला आणि आईच्या चहाच्या पातेल्यात सोडला. शाळेतल्या प्रयोगशाळेचा जुना थर्मामीटर माझ्याकडे होता. आई बाजूला उभी राहून “त्या पातेल्यात पुन्हा चहा होणार नाही” एवढंच म्हणत होती. सत्तरला काही नाही. पंचाहत्तरला काही नाही. एक्क्याऐंशीच्या पुढे ती पितळी चकती हळूच वर उचलली गेली, फुलाने पाकळी सोडावी तशी नाही, म्हाताऱ्याने खुर्चीतून उठावं तशी. गॅस बंद केला, पाणी निवलं, चकती परत बसली. आईने पातेलं खरंच टाकून दिलं. नवं मी आणलं. तो खर्च वहीत धरलेला नाही.

त्याच खेपेला टर्बोच्या रबरी नळीला क्लॅम्पखाली चीर सापडली. खूण अशी की नळीवर तेलकट काळा पट्टा, आणि चढावर गाडी शिट्टी वाजवते. टर्बोने दाबलेली हवा वाटेतच निसटत होती. जुन्या यांत्रिक पंपाला हवा किती आली ते धड कळत नाही. पाय दाबला की तो डिझेल देतो. हवा कमी, डिझेल तेवढंच, म्हणजे काळा धूर. इथे एअर फिल्टरबद्दलचा एक गैरसमजही सांगून टाकते. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये दाखवून दिलं होतं की हल्लीच्या इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाड्यांत फिल्टर तुंबला तरी अॅव्हरेज पडत नाही, कारण संगणक हवेप्रमाणे पेट्रोल कमी करतो. हे खरं आहे, पण ते वाचून जुन्या डिझेलवाल्याने फिल्टर विसरू नये. आपल्या गाडीत तो संगणक नाही.

पीयूसीचा कागदही या कामी वाचता येतो, हे मला मामांकडे कळलं. आपण त्यावर ‘पास’ एवढंच बघतो. डिझेल गाडीच्या कागदावर धुराच्या काळेपणाचा आकडा असतो. भारत स्टेज चारच्या आधीच्या गाड्यांना त्याची मर्यादा २.४५ आहे. आमचा आधीचा आकडा २.१ होता, म्हणजे पास. पस्तीस टक्क्यांनी काठावर सुटणाऱ्या मुलासारखा. नोझल आणि नळी झाल्यावर १.३ आला. डॉक्टरकडे जाण्याआधी जुने रिपोर्ट फाइल करतो तसे हे कागद जपले असते, तर आकडा कोणत्या वर्षी चढू लागला ते दिसलं असतं.

टायरमध्ये मागे पासष्ट पौंड हवी तिथे चाळीस निघाली. भरली. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा ठोकताळा असा की चारही टायरांत एकेक पौंड कमी झाला की ०.२ टक्के इंधन जास्त जातं. आमच्या हिशेबात ते अडीच टक्क्यांच्या आसपास बसतं. कमी हवेचा टायर गरम होऊन फुटतो, तो खर्च वेगळाच. हौद्याला मासळीच्या काळात ठोकलेले जाड पत्रे काढले, तेव्हा भंगारवाल्याच्या काट्यावर एकशेदहा किलो भरले. क्लच पाहिला, ठीक होता. रिटर्न लाइन गळत नव्हती. दादरला गाडी उभी असताना कुणी टाकीतून डिझेल काढतं का, या भावाच्या संशयावर टाकीच्या झाकणाला नवं कुलूप बसलं. आकड्यात फरक पडला नाही.

दिवाळीपर्यंत वही १०.९ वर आली. तिथून पुढे हलेना, आणि एखाद्या रात्री तर अचानक साडेनवावर घसरायची. मी वहीत आणखी एक रकाना आखला: किती वाजता निघाला, किती वाजता पोचला. उत्तर त्या रकान्यात होतं.

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर दहिसरपासून गुजरातच्या हद्दीवरच्या अच्छाडपर्यंत १२१ किलोमीटरचं काँक्रिटीकरण निघालं, तेव्हा वसई फाटा, मालजीपाडा, ससूनवघर ते वरसावे हा टापू काय झाला होता ते इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. एक बाजू बंद, दुसऱ्या बाजूने दोन्हीकडची वाहतूक, पुढे घोडबंदरला गायमुखचा घाट अडला की त्याचं शेपूट महामार्गावर. २०२३ मध्ये वसईच्या खाडीवर वरसाव्याचा नवा पूल आला, पण पूल रुंद झाला म्हणून पुलाआधीचा रस्ता मोकळा होत नाही. फुलांच्या करंड्या लादून पहाटे तीनला तिथे उभं राहणं हा पैशाचा प्रश्न होण्याआधी फुलांचा प्रश्न असतो. पण पैशाचाही आहेच. मामांनी एकदा डिझेलची नळी टाकीतून काढून खुणा केलेल्या बाटलीत सोडली, परतीची नळीही त्याच बाटलीत, आणि इंजिन नुसतं चालू ठेवलं. तासाला साधारण अर्धा लिटर. हे काहीच नाही, मी म्हटलं. मामा म्हणाले, “उभी राहते तेव्हा काही नाही. दोन फूट पुढे, थांब, दोन फूट पुढे, थांब, यात डिझेल जातं.” दोन टन धूड शून्यातून हलवायचं आणि लगेच ब्रेक मारून ती सगळी मेहनत ड्रममध्ये जाळायची, हे तासात शंभरदा.

पीसीआरए, म्हणजे १९७८ पासून इंधन बचतीचं काम करणारी सरकारी संस्था, सांगते की ४५ ते ५५ च्या वेगाने चालवा, सिग्नलला इंजिन बंद करा. सल्ला उत्तम आहे आणि भावाने जमेल तिथे पाळलाही. वरसाव्याला तो हसला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो सुरू झाली. रस्त्याने पस्तीसेक किलोमीटरचा वळसा, तो पाण्यातून साडेतीन. दिवसाच्या फेऱ्यांना आमच्या ओळखीचे काही भाजीवाले ती धरतात आणि त्यांचा हिशेब जमतो. फुलवाल्याला मध्यरात्री दोनला बोट नसते. ती सुरू व्हावी असं मला वाटतं. एकट्या आमच्या गाडीसाठी नव्हे, निर्मळच्या रस्त्यावर रात्री ओळीने निघणाऱ्या सगळ्या गाड्यांसाठी. काँक्रिटचा रस्ता बांधताना माल वाहणाऱ्याच्या डिझेलचा हिशेब कुणी मांडत नाही. तो ज्याचा त्याने घरी, दहा रुपयांच्या वहीत मांडायचा.

वहीचा हिशेब एकूण असा. ८.८ चे १०.९ झाले, म्हणजे फेरीला अडीच लिटरांहून जास्त डिझेल वाचतं आणि महिन्याला साधारण पाच हजार नऊशे रुपये. त्यासाठी ब्रेक, थर्मोस्टॅट, नळी, हवा मिळून सहा हजारांच्या आत खर्च आला. पंपाचे चौदा हजार त्यात धरलेले नाहीत. नोझल बदलायला हवंच होतं, पण ते शेवटी, आणि बहुधा एकच.

आणि बारा? गेल्या महिन्यात काही कामाने अर्नाळ्याला गेले होते. आमच्या गाडीचा जुना मालक बंदरावर भेटला. आता त्याच्याकडे नवी गाडी आहे, आणि तिच्याखालीही खारं पाणी ठिबकत होतं. मी विचारलं, “दादा, आमची गाडी बारा देते म्हणाला होतात. ते बारा तुम्ही मोजले होते का हो?”

तो मोकळेपणाने हसला. त्याने ती गाडी ज्याच्याकडून घेतली होती, त्याने त्याला बारा सांगितले होते.

तुमच्याकडे जुनी पिकअप असेल तर एवढं करा. दहा किलोमीटर चालवून आणा आणि चारही चाकांपाशी हात नेऊन बघा. उलटा हात न्या, आणि ड्रमला टेकवू नका; आमच्या भावाच्या बोटांना अजून डाग आहे.